सरसाचा डोळा

मी लाकडाचा देव बोलतोय. दचकू नका. इतकी वर्षं लोक माझ्याशी बोलले, आज माझी पाळी. मला एका माणसावर राग काढायचाय, ज्याने मला घडवलं त्या सुतारावर.

मी मूळचा ओंडका. अर्ध्यातून त्याने दाराची चौकट केली, उरलेल्यातून मला. नेमकी डोळ्याच्या जागी एक गाठ किडकी निघाली. टाकून द्यायचं सोडून पठ्ठ्याने ती कोरून काढली, भुसा सरसात, त्या चिकट सुतारी गोंदात, कालवून भोक बुजवलं आणि वर डोळा रंगवला. "कोणाला कळतंय," असं बायकोला म्हणालाही. मग मला घरातल्याच दुकानाच्या कोपऱ्यात बसवून पुढे दिवा लावला.

दिव्याच्या धगीने सरस पाघळला. गल्लीभर बोभाटा झाला, देव रडतो म्हणून. माणसं रांगा लावून आली. काय पाघळतंय ते सुताराला पक्कं ठाऊक होतं, पण त्याने अवाक्षर काढलं नाही. आणि गंमत म्हणजे, लोकांचं ऐकून ऐकून वर्षभरात त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

मग त्याची सहा वर्षांची लेक तापाने फणफणली. बायको म्हणाली, "दवाखान्यात नेऊया."

"घरात देव असताना?" हा म्हणाला.

तीन दिवस पोर माझ्या पायाशी कान धरून कण्हत होती. अरे गाढवा, तोंड कोरलंस, पण त्यात आवाज घातलास का? तिसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा निखळला आणि तिच्या उशीवर पडला.

बायकोने तो उचलून नवऱ्यापुढे धरला. "अहो, हा तुम्हीच भरला होतात ना? स्वतःचं काम ओळखू येईना तुम्हाला?"

त्याने तो तळहातावर घेऊन उलटापालटा केला.

"ज्याने झाड वाढवलं, त्या एकाला हाक मारते मी. त्याचे डोळे कुणाला भरावे लागत नाहीत." पोरीला खांद्यावर टाकून ती तरातरा दवाखान्याकडे निघाली.

पोर वाचली, पण डावा कान गेला. दोन दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

ते दोन दिवस तू माझ्या नावावर घालवलेस, सुतारा. मी तुला माफ करणार नाही. तुझं थोबाड फोडावं असं फार वाटतं, पण हात लाकडाचा. साधा सूड माझ्याने घेववत नाही, मी कसला ताप उतरवणार होतो?

आता मी फळीवर असतो, एका डोळ्याचा. परवा एक गिऱ्हाईक आलं, असाच रडणारा देव करून द्या म्हणून. सुताराने पाणी आणायला लेकीला हाक मारली. ती उजवा कान भिंतीला टेकवून बसली होती. तिने पाहिलं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही.

त्याने वर माझ्याकडे पाहिलं. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "दारं करतो, खाटा करतो. देव मला करता येत नाही."

गिऱ्हाईक गेल्यावर बायको म्हणाली, "हा घालू का चुलीत?"

"नको," तो म्हणाला. "राहू दे माझ्या डोळ्यांसमोर."

राहतो की. मला कुठे जायची घाई आहे!