आईच्या बोलण्याचं एडिटिंग

आमची आई जन्मापासून मुकी-बहिरी. मुकी म्हणायचं ते बाहेरच्यांनी. घरात तिच्याइतकं कोणी बोलत नव्हतं. शाळा नाही, लिहिणं-वाचणं नाही, सगळं हातांनी. त्या खुणा तिच्या आणि माझ्या. दादा लहानपणीच होस्टेलला गेला, त्याला चहा, जेवण आणि 'गप्प बस' एवढंच कळतं.

आईला तिच्या आईने लहानपणी मावशीच्या दारात सोडलं आणि ती परत फिरकली नाही. का, ते मी कळायला लागल्यापासून विचारत आले. आईचं उत्तर ठरलेलं: तू आई झालीस की सांगेन.

मला दिवस गेले आणि इकडे तिची बोटं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, हा आजार थांबणारा नाही. मी परगावी, पलंगावरून उठायची बंदी. आईला प्रवास झेपत नव्हता. फोनवर बोलावं तर चित्र अडकायचं, मग ती वैतागून फोन पालथा ठेवायची. शेवटी तिनेच डोळ्यापुढे बोटांची चौकट धरून, बटण दाबल्याची नक्कल करून दादाच्या डोक्यात उतरवलं, कॅमेरा आण.

दादा साधा रुमाल घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालतो. त्याने कॅमेऱ्याचा अभ्यासच मांडला. दुकानदार म्हणे, "आवाज बघा साहेब, टाचणी पडली तरी ऐकू येईल." दादा म्हणाला, "आमच्याकडे टाचणीचं काय करायचंय? आईची पापणी न् पापणी दिसली पाहिजे." तसा एचडी कॅमेरा त्याने घेतला. आईला मध्येच थांबवलेलं खपत नाही, म्हणून कार्ड भरू नये अशा बेताने जास्त वेळ चालणारा मोड लावला. हातांबद्दल ना दुकानदार बोलला, ना दादा, ना फोनवरून अक्कल शिकवणारी मी.

आई तासभर बोलली. दादाने समोर बसून मान डोलावली, कळलं काहीच नाही. एवढी मोठी फाईल पाठवायची कशी, म्हणून त्याने ती माझ्यासाठी ठेवून दिली. मी लेकीला घेऊन माहेरी पोचले तोवर आईचे दोन्ही हात मांडीवर पडले होते, मुठी मिटून. लेकीकडे बघून ती हसली. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. कळलं का?

मी आतल्या खोलीत जाऊन कम्प्युटरवर ते लावलं. पापण्या खरंच दिसत होत्या. मागच्या पडद्याची शिवणसुद्धा दिसत होती. आईने हात उचलले आणि बोटांच्या जागी नुसते चौकोन चौकोन झाले. हात थांबले की बोटं परत यायची. पण आई थांबून कधी बोलली? दाराची खूण कळली, रात्रीची कळली, 'माझी आई' कळलं, बाकी सगळा चिखल. मी दादाला नाही नाही ते बोलले.

तो बिचारा त्याच्या मित्राला घेऊन आला. हा लग्नांच्या फिल्म कापतो, सगळे त्याला कात्री म्हणतात. कात्रीने बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"ताई, हा कॅमेरा दर चित्र पूर्ण ठेवत नाही. एक पूर्ण ठेवतो, पुढे फक्त काय बदललं तेवढं लिहितो. भिंत बदलत नाही, ती छान राहते. जे भराभर हलतं त्याला जागा जास्त लागते, आणि हा मोड आहे जागा वाचवायचा. त्यात खोलीत उजेड कमी."

"मग आता?"

"बघतो."

त्याने फाईल मोठ्या फॉरमॅटमध्ये उलगडली, एकेक चित्र सुटं केलं, उजेड वाढवला, धार वाढवली. चौकोनांच्या कडा तेवढ्या धारदार झाल्या. कात्री चांगला माणूस, जेवायलाही उठला नाही. शेवटी म्हणाला, "जे लिहिलंच गेलं नाही ते मी कुठून आणू?"

दादा दारात उभा होता. "तुला तिचा चेहरा बघायचा असेल असं वाटलं गं," म्हणाला. माझ्याच्याने पुढे भांडवेना.

आई अजून मानेने हो-नाही सांगते. पण विचारू काय? गरिबी होती का? दुसरं लग्न केलं का? मुकी पोर नको झाली होती का? हे शेवटचं विचारायला माझे हात उठेनात. आणि तेच असलं तर?

मी खोलीबाहेर आले की तिच्या भुवया वर जायच्या. रोज. शेवटी तिनेच मानेने कम्प्युटर दाखवला. मी तिची खुर्ची आत नेली आणि फिल्म लावली. वाटलं, बघता बघता तिच्या चेहऱ्यावरून तरी काही हाती लागेल. ती पुढे वाकून स्वतःला बघत राहिली. डोळे बारीक केले. आणखी वाकली. मग सावकाश माझ्याकडे वळली.

मला ते तोंड बघवेना. मी हात उचलले आणि म्हटलं, कळलं आई. सगळं कळलं मला.

तिने माझ्या हातांकडे बघितलं, पडद्यावरच्या तिच्या हातांकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. आमच्या घरात कितीही भांडण झालं तरी समोरचा बोलत असताना डोळे मिटायचे नाहीत, हा तिचाच नियम. डोळे मिटले की तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. मी तिच्या गुडघ्याला हात लावला. पुन्हा लावला. तिने डोळे उघडले नाहीत.