दहावा देठ

सलग बावीस वर्षं थॉर्नकोट गावच्या फुलांच्या प्रदर्शनातला, स्वीट पीच्या वेलफुलांसाठीचा चांदीचा कप लेडी विनिफ्रेडने जिंकला होता, आणि तेविसाव्या वर्षी तो एक गुंड नेणार म्हणून अख्खं गाव आतल्या आत मजा घेत होतं.

गुंड म्हणजे डेस मंट. लंडनच्या नदीपलीकडच्या वस्तीतला, मान जवळपास नसलेला, पण बोलायला लोण्यासारखा मऊ. विनिफ्रेडचा थोरला भाऊ लायनेल हा थॉर्नकोटचा अर्ल, गावचा खानदानी उमराव. त्याने गेल्या ऑक्टोबरात वाड्यामागचे तबेले आणि काचघर डेसला भाड्याने दिलं. कागदोपत्री तबेल्यात टायर होते. टायरांच्या खोक्यांतून बाटल्यांची किणकिण का ऐकू येते, हे विचारायचं नसतं एवढी अक्कल लायनेललाही होती. भाडं वेळेवर येत होतं आणि नाचघराचं छप्पर गळायचं थांबलं होतं.

चोरीमारीचं विनिफ्रेडला काहीच वाटत नव्हतं. तिच्या खापरपणजोबांनी अर्धा परगणा अशाच पद्धतीने मिळवला होता, आणि त्यांचं तर जिन्यात मोठं तैलचित्र होतं. तिचं काळीज जळत होतं ते लायनेलमुळे.

दोघं बहीणभाऊ बिनलग्नाची. एकसष्ट वर्षांची ती, चौसष्ट वर्षांचा तो, आणि एवढ्या मोठ्या घरात दोघंच. लायनेल तिच्याशी दिवसाला साधारण सहा शब्द बोलायचा. त्यातले दोन ‘हं’ असायचे, दोन कुत्र्याबद्दल. तो तसाच आहे, अबोल आहे, असं तिने वर्षानुवर्षं स्वतःला पटवलं होतं. आणि मग डेस आला, आणि हा अबोल माणूस जेवणाच्या टेबलावर पोट धरून हसायला लागला. सकाळी डेसला नाश्त्याला बोलवायचा, स्वतःच्या ताटातला तळलेला गुर्दा त्याच्या ताटात वाढायचा. संध्याकाळी पाच वाजले की टोपी घालून काचघराकडे पळायचा तो साडेसातला उगवायचा, नखांत माती घेऊन.

“काय करता रे दोघं तिथे?” तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

“काही नाही. गप्पा.”

“कसल्या?”

“अशाच गं,” लायनेल म्हणाला, आणि काहीतरी आठवून स्वतःशीच हसला.

ते हसू विनिफ्रेडला दातात अडकलेल्या काट्यासारखं आठवडाभर सलत राहिलं.

मग जूनमध्ये एका रात्रीच्या जेवणाला लायनेलने सूपचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, “डेसच्या हाताला गुण आहे, विनी. मी असा हात कुणाचाच पाहिला नाही.”

कुणाचाच. बावीस कप दिवाणखान्यात ओळीने उभे होते, आणि कुणाचाच.

“लॉर्डसाहेब उगाच चढवतात मला,” डेस म्हणाला. “खरा हात बाईसाहेबांचा. मी आपला शिकाऊ.”

“शिकाऊ लोकांनी स्पर्धेत उतरू नये, मिस्टर मंट,” विनिफ्रेड म्हणाली. “हिरमोड होतो.”

“आमच्या धंद्यात तर शिकाऊलाच पुढे पाठवतात, बाईसाहेब. पकडला गेला तर नुकसान कमी.”

लायनेल इतका हसला की त्याला ठसका लागला. डेसने त्याची पाठ थोपटली. विनिफ्रेडने त्या रात्री गोड खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी ती काचघराच्या मागून, नेटल्सच्या खाजऱ्या झुडपात उभी राहून आत डोकावली. तिच्यासारख्या बाईने नेटल्समध्ये उभं राहणं म्हणजे काय, हे तिचे पायमोजेच सांगू शकले असते. आत मागच्या भिंतीशी बांबूंवर वेल चढले होते. दुधाळ पांढरी फुलं, कडेला गुलाबी रंगाची नाजूक किनार, एकेका देठावर चार-चार, फुलपाखरं ओळीने बसावीत तशी. देठ तर पट्टी लावून वाढवल्यासारखे सरळ. तिला एका नजरेत कळलं. यंदा तिची फुलं दुसरी येणार होती.

आणि मग लायनेल तिच्याकडे बघणार, तो त्या ‘हं’च्या नजरेने. आयुष्यभर.

प्रदर्शनाचे नियम थॉर्नकोटमध्ये बायबलच्या खालोखाल मानतात. फुलदाणीत देठ नऊ. आठ नाहीत, दहा नाहीत, नऊ. फुलं मांडून झाली की शेजारी आपल्या नावाचं कार्ड पालथं ठेवायचं, म्हणजे परीक्षकाला कुणाची कुठली ते कळत नाही. दहा वाजता तंबू रिकामा करतात. मग परीक्षक मिसेस ग्रिमशॉ एकट्या आत जातात, एकेक देठ बोटाने मोजतात, आणि मोजणी चुकली असेल तर त्या फुलांकडे पुन्हा ढुंकूनही बघत नाहीत. कार्डावर ‘नियमाबाहेर’ लिहितात की संपलं. एकदा प्रत्यक्ष बिशपची गाजरं नियमाबाहेर गेली होती, कारण ती तीनाऐवजी चार होती.

विनिफ्रेडला लागत होता फक्त एक देठ.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सात वाजता ती मुरंब्याची बरणी घेऊन काचघरात गेली. दाराशी डेसचा माणूस मॉरिस खुर्ची टाकून पहारा देत होता. मॉरिसचे हात फावड्याएवढे होते आणि मांडीवर बियांची यादी उघडी होती.

“मॉरिस, तुमच्यासाठी संत्र्याचा मुरंबा आणलाय. चमचा आहे ना?”

“आतल्या खोलीत असेल, बाईसाहेब. आणतो थांबा.”

तो वळला तशी तिने पर्समधली नखं कापायची कात्री काढली. कच्. गुलाबी किनारीचा एक देठ तिच्या हातातल्या मिटलेल्या छत्रीत गेला. मॉरिस चमचा घेऊन आला तेव्हा ती हवामानाबद्दल बोलत होती. बंदूक नाही, मुखवटा नाही, पळायला गाडी नाही. खापरपणजोबांना अभिमान वाटला असता.

स्वतःच्या वेलावरचा देठ ती घालणार नव्हती. तिची फुलं जांभळी, लगेच ओळखू आली असती. डेसच्या फुलांत डेसचंच फूल, म्हणजे बिचाऱ्याला मोजता आलं नाही असंच सगळे म्हणणार. गुंड तो गुंड, शाळेत कुठे गेला असेल.

दहाला दहा कमी असताना तंबूत नुसती धांदल चालली होती. विनिफ्रेडने आपली जांभळी फुलं मांडली, कार्ड पालथं ठेवलं आणि लांबलचक टेबलाच्या कडेने हळूहळू निघाली. गुलाबी किनारीची फुलदाणी टोकाला होती. जवळ कुणी नव्हतं. ती वास घ्यायला वाकली, आणि सरळ झाली तेव्हा छत्री हलकी झाली होती.

दुपारी दोनला तंबू उघडला. चहा, काकडीची सँडविचेस, बँड. विनिफ्रेड मुद्दाम सावकाश आत आली. तिच्या जांभळ्या फुलांपुढे लाल कार्ड होतं, पहिला नंबर, आणि शेजारी चांदीचा कप. तिने तो सवयीने उचलून घेतला. दुसरा नंबर गर्द किरमिजी फुलांना, आणि त्या कार्डावर नाव होतं, डी. मंट.

तिला क्षणभर समजेना. ती टेबलाच्या टोकाकडे गेली. गुलाबी किनारीच्या फुलांपुढे मिसेस ग्रिमशॉंच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं, ‘नियमाबाहेर. देठ दहा.’ आणि खाली, आता सुलट केलेल्या कार्डावर, नाव होतं लायनेलचं.

लायनेल तिथेच उभा होता. त्याने आपला चांगला कोट घातला होता, लग्नाबिग्नाला घालतो तो.

“नऊ होते,” तो म्हणाला. “मी सात वेळा मोजले, विनी. वेलावर चांगले उमललेले नऊच होते. सगळे कापले मी. एकही उरला नव्हता.”

“तू फुलं लावलीस?” तिने विचारलं.

“कुत्र्यांच्या घरामागे. रोपं डेसने दिली. शिकवलं त्यानेच, रोज संध्याकाळी. तुला कळू द्यायचं नव्हतं.” त्याने नाक ओढलं. “म्हटलं, एकदा तरी तुझ्या शेजारी आपलं नाव लागेल.”

इतक्यात डेस चहाचे दोन कप घेऊन आला, आणि लायनेल त्याच्याकडे वळला. त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

“दहावा देठ कुठून आला, डेस? ही जात अख्ख्या गावात दोघांकडेच आहे. माझ्याकडे, आणि तुझ्या काचघरात. माझ्याकडची संपली होती.”

डेसने कप खाली ठेवले. फुलदाणीकडे पाहिलं, कापलेल्या देठाच्या टोकाकडे पाहिलं. मग विनिफ्रेडकडे पाहिलं, आणि तिला कळलं की मॉरिसने मुरंब्याची गोष्ट त्याला सांगितली आहे.

“बोल ना.”

“मी काय बोलू, लॉर्डसाहेब.”

“तू केलंस की नाही?”

“आमच्यात कुणाचं नाव घेत नाहीत,” डेस म्हणाला. “आणि आपण केलं नाही असंही सांगत सुटत नाहीत. ते नाव घेतल्यासारखंच होतं.”

आजूबाजूचा चहा थांबला होता. मिसेस ग्रिमशॉ मान हलवत होत्या, अशा माणसांकडून दुसरं काय होणार, अशी ती मान होती.

“सोमवारपर्यंत तबेले रिकामे कर,” लायनेल म्हणाला. एवढं बोलताना त्याचा ओठ थरथरला, आणि चौसष्ट वर्षांच्या अर्लच्या डोळ्यांत, सगळ्या गावादेखत, पाणी आलं. “मला वाटलं होतं आपण दोस्त आहोत, डेस. मला कधी कुणी दोस्त नव्हता रे.”

झालं. विनिफ्रेडला हवं होतं ते सगळं एका झटक्यात तिच्या पदरात पडलं होतं. कप तिचा. सोमवारपासून नाश्त्याला डेस नाही. तोंड मिटून उभं राहायचं, एवढंच काम उरलं होतं, आणि तोंड मिटून उभं राहायचं शिक्षण तिला पाळण्यापासून मिळालं होतं.

पण लायनेल डेससाठी रडत होता. ती गेल्या वर्षी न्यूमोनियाने तीन आठवडे अंथरुणावर होती, तेव्हा त्याने दारातून डोकावून ‘बरं आहे ना?’ विचारलं होतं आणि कुत्र्याला फिरायला घेऊन गेला होता. आणि या टायरवाल्यासाठी मात्र डोळ्यांत पाणी, ओठ थरथर, रात्री झोप उडणार, उद्या जेवण जाणार नाही. तिने केलेल्या कामाचा सगळा राग, सगळं दुःख, लायनेलच्या काळजातलं सगळंच्या सगळं त्या माणसाच्या वाट्याला चाललं होतं. काम तिचं होतं. स्वतःच्या हाताने, नखांच्या कात्रीने केलेलं. ते तिच्याने बघवेना.

“मी केलं ते,” ती म्हणाली.

लायनेलने मान वळवली. डेसने डोळे मिटून घेतले, जसा एखादा वकील आपल्या अशिलाने तोंड उघडल्यावर मिटेल.

“काय?”

“मी घातला दहावा देठ. सकाळी मॉरिसच्या नजरेआड कापला. मला वाटलं फुलं ह्याची आहेत.”

“तू?” लायनेल म्हणाला. “विनी, तू?”

आणि मग लायनेल सुरू झाला. एवढे शब्द त्याच्यात आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. तू चोर आहेस म्हणाला, तू लहानपणापासून अशीच आहेस, सहा वर्षांची असताना माझा पतंग तूच फाडला होतास, मला तेव्हाही माहीत होतं. मार्चपासून मी थंडीत त्या रोपांना माझा स्वतःचा मफलर गुंडाळत होतो, कळतंय का तुला? बँड वाजवायचा थांबला. मिसेस ग्रिमशॉंनी पुढे होऊन विनिफ्रेडच्या हातातला चांदीचा कप काढून घेतला, आणि तो सोडताना तिची बोटं जराही अडली नाहीत. लायनेल तिच्या अगदी समोर उभा होता, तिच्या डोळ्यांत डोळे घालून, लालबुंद होऊन बोलत होता, आणि थांबायचं नाव घेत नव्हता.

डेसला राहवेना. तो हळूच पुढे आला. “जाऊ द्या, लॉर्डसाहेब. बाईसाहेबांना खुर्ची तरी द्या. पुरे आता.”

“मिस्टर मंट,” विनिफ्रेड त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “तुम्ही मध्ये पडू नका. तो माझ्याशी बोलतोय.”