अर्धा स्वर खाली

०००

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मी बावीस वर्षं खोटं गात आलो आहे.

माझ्यासारखे जुने सांगायला बसले की आधी कारखाना सांगतात, मग मालक, मग अडगळीची खोली. मीही सांगेन. पण कबुली आधी दिलेली बरी. फीत कधी तुटेल याचा भरवसा नसतो.

माझ्या पोटावर तीन आकड्यांची एक खिडकी आहे. कॅसेट फिरते तसे आकडे पुढे सरकतात. मी त्या आकड्यांनीच बोलणार आहे. मधले आकडे गाळले तर समजा, तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतं.

०१२

कारखान्यात एका लांब टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. एकीने माझी मोटर बसवली, दुसरीने स्पीकर, तिसरीने दोन रबरी पट्टे चढवले. मला दोन कप्पे आहेत ना, म्हणून दोन पट्टे. डाव्या कप्प्यात कॅसेट नुसती वाजते. उजव्यात वाजते आणि भरताही येते. डाव्यात गाण्यांची कॅसेट घालायची, उजव्यात कोरी, आणि दोन्हीकडची बटणं एकदम दाबायची. गाण्यांची नक्कल तयार होते. तुम्ही जे काम बोटाच्या टिचकीने करता, त्याला आमच्याकडे पाऊण तास लागायचा, आणि तेवढा वेळ खोलीत कुणी खोकायचंही नाही. खोकल्याने नकलेत काही उमटत नव्हतं. तरी नाही खोकायचे.

माझ्या पहिल्या मालकाने मला खिडकीत ठेवलं. तीन वर्षं रोज दुपारचं ऊन माझ्या डाव्या खांद्यावर पडायचं. रबराला ऊन सोसत नाही. डावा पट्टा सैल पडला आणि त्या बाजूची कॅसेट जराशी हळू फिरू लागली. इतकी जराशी की चार मिनिटांचं गाणं सव्वाचार मिनिटं चालायचं. हळू फिरलं की आवाजही खाली उतरतो. मालकाला काही कळलं नाही. तो माझ्यातल्या रेडिओवर फक्त बातम्या ऐकायचा, आणि रेडिओला पट्टा लागत नाही.

मग त्याने मला विकलं, आणि मी ताईच्या घरी आलो.

०४७

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. अजूनही घासते. केसाएवढी चूक राहिली तर काच परत चाकावर धरते. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, दिसतंय की चांगलं!" ती म्हणते, "तुम्हाला दिसतंय. मला चूक दिसतेय." अशा बाईच्या घरात मी चुकीचा वाजत होतो आणि तिला पत्ता नव्हता. कारण बरोबर कसं वाजतं, हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

धाकट्या बहिणीने ऐकलं होतं. धाकटी तेव्हा तेरा वर्षांची. तापातून उठल्यावर ती आठ दिवस मामाकडे राहायला गेली आणि मामाच्या छोट्या टेपवर तिने 'चौघां'ची कॅसेट दिवसभर ऐकली. चौघे म्हणजे तेव्हाचा एक गाणाऱ्यांचा गट. दोन गिटार, एक ढोल, आणि गायक इतका उंच की सगळे त्याला लांब्या म्हणायचे. मामाने निघताना ती कॅसेट तिच्या हातात दिली. आमच्या भागात दुसरी मिळत नव्हती आणि रेडिओवाले चौघांना दारात उभं करत नव्हते.

घरी येऊन तिने ती माझ्या डाव्या कप्प्यात घातली. दोन ओळी झाल्या आणि ती म्हणाली, "ताई, हा पेंगतोय."

"कोण?"

"लांब्या. मामाकडे असा नव्हता. तिकडे ताजा होता."

"ताप गेला ना तुझा?" ताईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. दोघी हसल्या. तेव्हा मला मोडून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

०९५

ताईला मात्र लांब्याने वेड लावलं. असा खोल, जड आवाज, जणू विहिरीच्या तळातून कुणी नाव घेऊन हाक मारतंय. ती खोल विहीर माझ्या सैल पट्ट्याने खणली होती. दर गुरुवारी दुकान बंद असायचं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर यायचा, वरच्या मजल्यावरच्या वहिनी यायच्या, आणखी चौघे-पाच जण. मधोमध मी. मूळ कॅसेट झिजेल म्हणून ताईने नकला काढायला घेतल्या. डाव्यात मूळ, उजव्यात कोरी; उजवा कप्पा ती फक्त भरायलाच वापरायची. डावा कप्पा गाणं खाली उतरवायचा आणि उजवा ते उतरलेलं गाणं इमानाने टिपून घ्यायचा. मग ती नक्कल कुठल्याही चांगल्या टेपवर लावा, लांब्या अर्धा स्वर खालीच गाणार. अशा एकोणचाळीस नकला मी काढल्या. माझा रोग मी एकोणचाळीस घरांत पोचवला, आणि प्रत्येक घराने मला शाबासकी दिली. "तुमच्या टेपचा आवाज म्हणजे आवाज!" कंपाउंडर म्हणायचा. मी फुगायचो. खरंच फुगायचो, मित्रांनो. लपवून काय उपयोग?

१३१

काही महिन्यांनी इमारतीच्या सभागृहात कार्यक्रम होता. धाकटीने चौघांचं गाणं म्हणायचं ठरलं. त्या गाण्याची पहिली ओळ नुसत्या गळ्याची आहे, वाद्यं नाहीत. ती तिने म्हणायची, आणि पुढे वाद्यं सुरू होतात तिथे ताईने माझं बटण दाबायचं. कॅसेट त्या जागी आणून ठेवलेली.

धाकटीने ओळ म्हटली. मामाकडे आठ दिवस ऐकलेल्या स्वरात म्हटली, कारण तोच तिच्या डोक्यात पक्का बसला होता. लख्ख म्हटली. ताईने बटण दाबलं.

मी अर्धा स्वर खाली सुरू झालो.

दोन स्वरांची अशी टक्कर झाली की पुढच्या रांगेतल्या बाईने कान झाकले. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. धाकटी थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा तिथेच. ताई मंचावर आली, तिने बहिणीच्या हातातला माइक घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बेसूर गातेस. उतर खाली."

ती उतरली. त्यानंतर ती गायली नाही. अंघोळ करतानासुद्धा नाही. भिंतीपलीकडे मोरी होती, म्हणून मला ठाऊक.

१३२

(इथे पॉज. काही बिघडलेलं नाही. मलाच थांबायचं होतं.)

१८८

पुढे चौघे आपापसांत भांडून वेगळे झाले. धाकटीचं लग्न झालं. वहिनींनी त्यांचा टेप भंगारात दिला, पण नक्कल ठेवली. माझ्यावर आधी विणलेला रुमाल आला, मग रुमालावर फुलदाणी, मग फुलदाणीत मोडकी पेनं. धूळ झटकायला येणारी बाई मला एकदा "हे काय, लोखंडी पेटी?" म्हणाली. मी लोखंडी नाही.

फोनवर सगळी गाणी मिळू लागली तेव्हा कंपाउंडरने चौघांचं जुनं गाणं लावून पाहिलं आणि तणतणत ताईकडे आला. "ताई, ऐकलंत? पळवतात हो गाणी! फुकटात देतात ना, मग लवकर उरकतात."

"मेले," ताई म्हणाली. "आपल्या कॅसेटी आहेत तोवर आपल्याला काय!"

एकोणचाळीस घरांत असंच ठरलं होतं. जग पळतंय, आपण बरोबर.

२४०

आणि बावीस वर्षांनी चौघे पुन्हा एकत्र आले. नवी गाणी, नवा बाज. ताईने रविवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. धाकटीही आली. सणावारी येणं वेगळं, ही पहिल्यांदाच गाण्यासाठी आली होती. ताईने माझ्यावरची फुलदाणी काढून मला पुसलं. वाजवायला नव्हे. शोभेला. गाणी वाजली ती धाकटीच्या मुलीच्या फोनवर.

ढोल नव्हता. ढोलाच्या जागी यंत्राची टकटक होती. गिटार कुठेतरी लांब पाण्याखाली. आणि लांब्याचा आवाज वर, पातळ, उजेडासारखा.

"हे काय शिवणयंत्र चाललंय का?" कंपाउंडर म्हणाला.

"मला आवडलं बाई," वहिनी म्हणाल्या. "घरात झाडताना लावीन. पूर्वीची गाणी ऐकली की रडूच यायचं."

"रडूच यायला हवं, वहिनी! त्यासाठीच तर ऐकायचो."

शेवटी नव्या साजात तेच जुनं गाणं आलं, नुसत्या गळ्याची ओळ असलेलं. लांब्याने ओळ सुरू केली, आणि धाकटी, हातात चहाचा कप, बरोबर गुणगुणली. तिला कळलंही नसावं. बावीस वर्षांनी. केसाएवढंही अंतर नव्हतं. मी माझ्या उजव्या कप्प्याची शपथ घेऊन सांगतो.

तिची मुलगी म्हणाली, "आई, तू गातेस?"

ताईने फोन बंद केला. "हा तो नाहीच. म्हातारपणी आवाज खाली जातो, ह्याचा वर कसा गेला? यंत्राने चढवलाय. लोकांच्या माथी काहीही मारतात."

"ताई, आवाज तोच आहे," धाकटी म्हणाली. "मामाकडे असाच होता."

"मामाकडे! तू तापात होतीस. तुझा सूर तेव्हाही चुकला होता, आजही चुकतोय."

धाकटीने कप बशीत ठेवला. जपून ठेवला, आवाज न करता. "मग दोघंही बेसूर म्हणायचं," ती म्हणाली. "मी आणि तो."

ती मुलीला घेऊन गेली. सगळेच उठले. चौघे एकत्र आले, त्या दिवशी आमचा गुरुवारचा गट मोडला.

२९६

ताईला आता जगाला दाखवून द्यायचं होतं. मूळ कॅसेट लावायची, ती फोनमध्ये भरायची, आणि चौघांच्या चाहत्यांपुढे ठेवायची: ऐका, आमचा लांब्या असा होता. त्यासाठी मला दुरुस्तीला नेलं.

मिस्त्रीकडे एक कॅसेट असते, तिच्यात एकच सूर भरलेला असतो. ती माझ्या डाव्यात घालून त्याने मीटर पाहिला आणि मला उघडलं. "ताई, हा पट्टा म्हणायचा की जुन्या मोज्याचं इलास्टिक?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही बाजू हळू चालते. अर्धा स्वर खाली. हिच्यावरून नकला काढल्या असतील तर त्या सगळ्या खाली गेल्या."

"कधीपासून?"

"रबर बघा ना. पंचवीस वर्षं तरी झाली असतील."

त्याने नवा पट्टा चढवला, मूळ कॅसेट घातली, बटण दाबलं. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा खरं गायलो. आवाज वर, पातळ, उजेडासारखा. ताजा.

"लागतंय ना बरोबर?" मिस्त्रीने विचारलं.

"लागतंय."

"मग चेहरा असा का तुमचा?"

केसाएवढी चूक खपवून न घेणारी बाई, तिने स्टुलाची कड घट्ट धरली होती.

कंपाउंडरला तिने सांगितलं. तो म्हणाला, "असेल हो खरं. पण मला तेच आवडतं. माझी कॅसेट मी बदलणार नाही." तो अजून फोनवर लिहितो, आमचा जुना आवाज परत द्या. त्याला रोज शंभर लोक दुजोरा देतात. बाकीच्या घरांत ताईने सांगितलंच नाही.

३५०

मग एका सकाळी कामाला जाण्याआधी तिने माझ्या उजव्या कप्प्यात कोरी कॅसेट घातली आणि माझ्या जाळीजवळ तोंड आणून बोलली. सात वेळा भरलं, सहा वेळा पुसलं. सातव्यांदा जे उरलं ते असं: "छोटे, तू बेसूर नव्हतीस. टेप बेसूर होता. आणि मी."

पाकीट करून तिने ते टपालाने पाठवलं. चार दिवसांनी फोन आला.

"ताई, कॅसेट पोचली."

"ऐकलीस?"

"कशावर ऐकू? घरात काय, अख्ख्या इमारतीत कुणाकडे टेप नाही. आहे काय तिच्यात?"

ताईचं बोट माझ्या बटणांवरून फिरत होतं. "आहे एक."

"गाणं?"

"नाही."

"मग सांग की आत्ताच."

मी वाट पाहिली. 'तू बेसूर नव्हतीस', तीन शब्द होते. 'छोटे' धरून चार.

"इकडे ये," ताई म्हणाली. "इथेच ऐक."

"बघते," धाकटी म्हणाली.

४०९

मित्रांनो, यंत्र उन्हात ठेवू नका, धूळ पुसत जा. हे सांगायचंच असतं, म्हणून सांगितलं. पण घरातलं लहान कुणी म्हणालं की हे चुकतंय, तर आधी यंत्र उघडून पाहा. त्याला गप्प काय, नंतरही करता येतं.

'बघते' म्हटल्याला आता पाच महिने झाले. ताई दर रविवारी मला पुसते. फुलदाणी पुन्हा ठेवलेली नाही. माझ्या डाव्या बाजूचा पट्टा नवा आहे, उजवा चांगला आहे, मी आज अगदी बरोबर वाजतो.

पण रबर आहे ते. नुसतं पडून राहिलं तरी सैल पडत जातं.