माशाच्या पोटातलं

पेंटरबाईंना माशाचा वास मुळीच सहन होत नसे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठं चित्र हाती आलं ते नेमकं माशाचं. उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली होती. पाटी उन्हाने विटते, दुकान बदललं की उतरते, आणि ती कुणी रंगवली हे कुत्रंही विचारत नाही. त्यामुळे बंदराजवळच्या नव्या प्रार्थनागृहाची समोरची अख्खी भिंत आपल्या चित्राला मिळणार हे कळलं, तेव्हा बाई हरखून गेल्या. आपल्यामागे एक तरी चित्र राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

चित्र करवून घेत होते कपडे धुण्याच्या पावडरीचे कारखानदार. गावात त्यांना सगळे पावडरवाले म्हणत. बदकाचं चित्र असलेली त्यांची प्लास्टिकची निळी पुडी घराघरात होती. प्रसंगही त्यांनीच निवडला होता. देवाची आज्ञा मोडून जहाजाने पळालेला धर्मग्रंथातला तो माणूस, त्याला गिळणारा प्रचंड मासा आणि शेवटी किनाऱ्यावर सुटका.

कच्चं रेखाटन बघायला आले आणि पावडरवाल्यांनी नाक मुरडलं.

"हे काय? मासा ओकतोय?"

"ग्रंथात तसंच आहे," बाई म्हणाल्या. "माशाने त्याला किनाऱ्यावर ओकून टाकलं."

"असेल हो. पण काढायचं कशाला? लोक प्रसन्न होऊन घरी गेले पाहिजेत. मासा जरा हसरा काढा. आणि माणसाचा सदरा कसा पांढराशुभ्र हवा!"

बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या धर्मगुरूंकडे पाहिलं. धर्मगुरूंनी घसा खाकरला, छताकडे पाहिलं आणि मान डोलावली. ग्रंथ तोंडपाठ असलेला माणूस छताकडे बघतो म्हणजे काय! बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. माशाच्या पोटातून बाहेर आलेल्या माणसाला म्हणे पांढराशुभ्र सदरा! त्या वरवर हो हो म्हणाल्या, पण मनात ठरवून टाकलं की ओकारी काढायची म्हणजे काढायचीच.

पण काढणार कशी? बाईंचा एक हट्ट होता. जे हाताळलं नाही, हुंगलं नाही, ते रंगवायचं नाही. फळवाल्याची पाटी असली तरी आधी फळ कापून समोर ठेवायचं. तेव्हा आता माशाचं पोट फाडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नाकाला रुमाल बांधून त्या बंदरावर गेल्या आणि हातगाडीवरून एक धूड घरी घेऊन आल्या.

घरात त्या आणि त्यांची थोरली बहीण, अशा दोघीच राहत.

"छोटे, डोकं फिरलंय का तुझं?" ताई दारातच ओरडली. "मी भांडी घासते त्या मोरीत हे आणलंस?"

"ताई, बोलू नकोस. नुसती बादली धर."

सुरी फिरली आणि आंबट, कुजका भपकारा तोंडावर आला. पिवळट बुळबुळीत रस फरशीवर पसरला. त्यात अर्धवट विरघळलेले मासे, डोळे गेलेली डोकी, दोऱ्यासारखं लोंबणारं काहीतरी. आणि त्या सगळ्यात गुरफटलेल्या निळ्या पुड्या. एक ओढली की मागून दुसरी येत होती. कातडी, मांस, काटे, सगळं विरघळत आलं होतं. पुड्यांना मात्र काही झालं नव्हतं. बोटाने रस पुसला तर खालून बदक चकचकीत बाहेर आलं. बाईंना भडभडून ओकारी आली आणि ताईच्या हातातली बादली त्यांच्याच कामी आली.

"अगं बाई, ही तर आपलीच पावडर!" ताई म्हणाली. मग सवयीप्रमाणे तिने फळीवरची एक पुडी फोडली आणि फरशी घासायला घेतली. घासता घासता हातातल्या रिकाम्या पुडीकडे तिची नजर गेली. ती कुठे टाकावी हे तिला कळेना.

पुढे कितीतरी दिवस बाईंच्या नाकातून तो वास गेला नाही. जेवणाकडे बघवत नव्हतं. तशाच त्या घरी भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवत राहिल्या. मळकट हिरवा समुद्र, लालभडक घसा, धापा टाकणारा मासा, आणि चिकट लाळेत रांगणारा माणूस, ज्याच्या केसांत, गळ्याभोवती, बोटांत निळ्या पुड्या अडकल्या होत्या. माणूस त्यांनी सगळ्यात शेवटी रंगवला. त्याच्या चेहऱ्यावर स्वतःचीच किळस होती. इतकं खरं काही आपल्या हातून कधी उतरलं नव्हतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

चित्र प्रार्थनागृहात नेऊन भिंतीला टेकवलं, तेव्हा माणसाचा रंग अजून ओलाच होता. ताई बाहेर पायरीवर थांबली. पावडरवाले भडकणार हे ठरलेलंच होतं. बाई पदर खोचून भांडायला तयार होत्या. माशातून निघालेल्या पुड्यासुद्धा त्यांनी पुरावा म्हणून पिशवीत घातल्या होत्या.

पावडरवाले जवळ गेले. चष्मा लावला. वाकून पाहिलं.

"अहो, ही तर आमची पुडी!"

"हो. माशाच्या पोटात सापडली. ढीगभर."

"काय सांगता!" त्यांचा चेहरा फुलला. "आणि रंग जराही गेला नाही? बघा, याला म्हणतात छपाई!" त्यांनी धर्मगुरूंना कोपराने ढोसलं. "दर आठवड्याला अख्खा गाव इथे हात जोडून बसणार, आणि समोर आमचं बदक. बाई, मानलं तुम्हाला! ओकारी राहू द्या आता. फक्त बदक तेवढं सरळ करा. तिरकं दिसतंय."

"तुम्ही तरी काहीतरी बोला," बाई धर्मगुरूंना म्हणाल्या.

"देणगीदारांचंही मन राखावं लागतं," धर्मगुरू छताला म्हणाले.

माशाच्या पोटातली घाण बरी होती. ती निदान वास लपवत नव्हती. बाईंनी रंग खरवडायची सुरी काढली आणि रांगणारा माणूस डोक्यापासून खाली खरवडायला सुरुवात केली. चेहरा गेला, खांदे गेले, बोटं गेली. ओकणारा मासा आणि निळ्या पुड्या तेवढ्या उरल्या.

"अहो, अहो! माणूस का पुसताय?"

"तो ग्रंथातला होता," बाई म्हणाल्या. "बाकीचं सगळं तुमचं. लावा आता भिंतीवर."

त्या बाहेर आल्या. ताई लगबगीने उठली.

"काय गं, पसंत पडलं?"

"फार पसंत पडलं," बाई म्हणाल्या, आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडल्या.