बोळा

हौसानं गोजरीची वेणी मनगटाला एक वेढा देऊन आवळली आणि तिला खळ्यातून गोठ्याच्या भिंतीपर्यंत फरफटत नेलं. भोवती भातुकली मांडून बसलेल्या पोरी आधी हसत होत्या. गोजरीचा गुडघा दगडावर खरचटला तशा त्या गप्प झाल्या.

"पान्याला येवडा येळ?" हौसा घोगऱ्या, बाप्याच्या आवाजात म्हणाली. "कुनासंगं बोलत हुतीस? बोल!"

गोजरी रडायला लागली. हौसानं कमरेला खोवलेलं फडकं काढलं, त्याचा बोळा केला. डाव्या हातानं गोजरीचं नाक दाबलं आणि श्वासासाठी तिनं तोंड उघडताच बोळा आत कोंबला.

"आवाज भाईर गेला न्हाई पायजे," ती अगदी हळू म्हणाली आणि गोजरीचं डोकं भिंतीवर आपटलं.

परसदारी भांडी घासत बसलेल्या सगुणाबाईनं हे सगळं पाहिलं. नाक दाबलं तेव्हाच तिनं धावायला हवं होतं. पण स्वतःच्या लेकीला, हौसाला, तिनं हाकसुद्धा मारली नाही. राखेनं भरलेले हात तसेच पुढे धरून ती उभी राहिली.

धावत आली ती शेजारची तुळजाबाई, गोजरीची आई. तिनं बोळा उपसून काढला. पोरीचं कपाळ फुटलं होतं.

"दहा वर्साची न्हाई पोर आन् ह्ये असलं कुटं शिकली गं?" तुळजाबाई किंचाळली. "सगुणा, आगं, तुज्या घरात तर कदी वरचा सूर न्हाई!"

ते खरंच होतं. दोन्ही घरांत एकच कुडाची भिंत. पण सगुणाबाईच्या नवऱ्याच्या, हैबतरावांच्या घरातून भांडणाचा आवाज तुळजाबाईला कधी ऐकू आला नव्हता. आपल्या नवऱ्याला, नथूला, ती येता-जाता त्यांचाच दाखला द्यायची. सगुणाबाईच्या जिभेवर रॉकेलची चव आली. कंदील पुसायचं फडकं हैबतरावांच्या हाताशीच असायचं.

आरडाओरडा ऐकून हैबतराव ओसरीवरून उतरले. रिहे गावात चार माणसं भांडली तर निवाड्याला त्यांच्याकडे येत. त्यांनी खाली पडलेला बोळा पाहिला. मग बायकोकडे पाहिलं. मग बराच वेळ लेकीकडे.

"काल पोरं शिनेमाला गेलती न्हवं?" ते म्हणाले.

"समदीच गेलतो की," तुळजाबाई म्हणाली आणि थांबली. "त्यात त्यो देवाचा दुष्ट मामा हुता खरा. हात धरून वढत हुता बाईला."

"मग? पोरं बगत्यात त्येच करत्यात. आपल्या पोरी नासवायला आनलाय त्यो तंबू."

भैरोबाच्या जत्रेसाठी पौडच्या बाबालालनं ओढ्याकाठच्या मोकळ्या वावरात सिनेमाचा तंबू ठोकला होता. दरसालचा माणूस. दुपारी गडी चालून गेले तेव्हा तो तंबूच्या सावलीत कांदा चिरत बसला होता. झालेला प्रकार ऐकून त्याला आधी हसूच आलं.

"दादा, देवाचं चित्र हाय त्ये. तुमी समद्यांनी काल बगितलंय. त्यात कुनी कुनाच्या तोंडात बोळा घातला का?"

मग एक जण म्हणाला, मधे मशीन बंद पडलं होतं, त्यानंतर काहीतरी तसलं होतं. दुसऱ्याला डुलकी लागली होती. पण नाचणाऱ्या बाईच्या वेळी काहीतरी झाल्याचं त्याला आठवत होतं. थोड्या वेळानं तिघा-चौघांना तो बोळा स्वच्छ आठवू लागला. नथूला तर त्याचा रंगही आठवला.

"अंधार पडू द्या, फुकट लावून दावतो," बाबालाल हात जोडून म्हणाला. "न्हाईतर त्या पोरीलाच इचारा. लेकरू खोटं बोलनार न्हाई."

हौसाला आणलं. मागोमाग सगुणाबाई आली. पदर दातांत धरून ती लेकीच्या पाठीशी उभी राहिली. हैबतराव बायकोकडेच पाहत राहिले.

सगुणाबाईनं हौसाच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग की, बाय," ती म्हणाली. "शिनेमातच बगितलंस न्हवं?"

हौसानं मान वळवून आईकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग ती गड्यांकडे वळली.

"व्हय," ती म्हणाली. "त्यातला मानूस बायकूच्या तोंडात बोळा घालतो. आन् ती बायकू कुनाला सांगत न्हाई."

सगुणाबाईचा हात लेकीच्या पाठीवरून खाली आला.

बाबालालला पहिला फटका नथूनं मारला. कुणीतरी दोर कापले आणि तंबू धाप टाकल्यासारखा खाली बसला. फिल्मचे डबे खडकावर पालथे करून काडी लावली, तेव्हा बाबालाल ओरडत त्या जाळात हात घालू लागला. हैबतरावांनी त्याच्या मनगटावर पाय दिला आणि सगळं जळेपर्यंत काढला नाही. काळ्या वळकट्या तडतडत आक्रसत होत्या. पोरं लांबून बघत होती. त्यांना कुणी घरी जा म्हटलं नाही.

बाबालालची बैलगाडी गावाबाहेर पडली तेव्हा तो मागे आडवा होता. भाजलेले हात त्यानं छातीवर उताणे ठेवले होते. तुळजाबाईनं दारातूनच बोटं मोडली आणि गोजरीला घट्ट जवळ घेतलं.

दिवे लागायच्या सुमाराला हैबतराव जेवायला बसले. आज ते खुशीत होते. गावात सगळ्यांनी त्यांना धन्य म्हटलं होतं. त्यांनी हौसाला हाक मारली आणि आपल्या शेजारचा पाट दाखवला. त्या घरात बाई माणूस गड्यांच्या पंगतीला कधी बसलं नव्हतं.

"बस. शानी हायेस तू."

सगुणाबाईनं दोन ताटं मांडली. भात वाढला, आमटी वाढली आणि चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली. बापलेक भुरके मारत जेवू लागले.

मग हौसानं ताट पुढे सरकवलं.

"आय," ती म्हणाली. आवाज बारीकच होता, पोरीचाच. "आमटी अळनी हाय."

हैबतराव जेवता जेवता हसले.

सगुणाबाई उठली. तिनं मिठाचं मडकं उचललं. ती पाटांपाशी आली आणि वाकून तिनं मीठ आधी हौसाच्या ताटात वाढलं.