उल्हासचं आभारप्रदर्शन

आमच्या सिडनीतल्या टूनगॅबीच्या मराठी मंडळात आभारप्रदर्शन कायम उल्हासकडे असतं आणि ते सुरू झालं की लोक जेवायला उठतात. ही सोय सगळ्यांना ठाऊक आहे, उल्हास सोडून. तो खुर्च्या मांडणाऱ्यांपासून एक्स्टेन्शन वायर आणणाऱ्यापर्यंत कुणालाही सोडत नाही. मध्येच कुणी हसलं, तर थांबून रोखून बघतो.

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मंडळाच्या मंजिरीने तिच्या शेजारच्या अर्कादीकाकांना गळ घातली. काका रशियातले नावाजलेले विदूषक. सारातोवच्या सर्कशीत घोड्यांमागे भुसा पसरता पसरता रिंगणात आले आणि तीस वर्षं मॉस्कोत त्यांची पोस्टरं लागली. सोबत सेम्यॉन. कडक इस्त्रीच्या कोटातला, कधीही न हसणारा जोडीदार. तो गेला, काका मुलीकडे सिडनीला आले आणि लाल नाक डब्यात गेलं.

"एकट्याने नाही जमणार," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "लोक सेम्यॉनच्या चिडण्याला हसायचे."

"एकदा ट्राय करा, काका. नो वरीज!"

वरी करणारे ते होते, हिचं काय जातंय?

"करतो. पण कुणी हसलं नाही, तर हे नाक मी फेकून देणार."

कुणी हसलं नाही. टोपी पडली, उचलली, परत पडली. पुढच्या रांगेतल्या चिमुरड्या चिन्मयीने विचारलं, "मम, इज ही ओके?" आजाऱ्याला भेटून निघताना आपण जेवढे हसतो, तेवढ्याच टाळ्या पडल्या. काका आत गेले.

उल्हास माइकवर आला. लोक उठले. तेवढ्यात विसरलेली टोपी न्यायला काका परत आले, नेमके उल्हासच्या मागे.

"ध्वनिव्यवस्थेसाठी विनय यांचे आभार."

काकांना मराठी येत नाही, पण सूर कळला. विनयच्या वतीने त्यांनी कमरेत वाकून अभिवादन केलं. कुणीतरी फिसकन हसलं. उल्हासने थांबून रोखून बघितलं. काका बाजूने डोकावून त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता.

"रांगोळीसाठी नीरजाताईंचे आभार."

समोर नीरजाताईंनी लाजून पदर सावरला. काकांनीही नसलेला पदर सावरला आणि ते लाजले. दारापर्यंत गेलेली माणसं रिकाम्या प्लेटा घेऊन परत फिरली.

"हसण्यासारखं काय आहे? मी गंभीरपणे आभार मानतोय!"

हॉल हशाने दणाणला. उल्हास गर्रकन वळला आणि त्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. "अहो काका, तुमचं झालंय ना? प्लीज, बसा!"

काका आज्ञाधारकपणे बसले. खुर्ची मात्र हातभर लांब होती.

पुऱ्या गार झाल्या, पण कुणी कुरकुरलं नाही.

नंतर विंगेत काका नाक हातात घेऊन मंजिरीला म्हणाले, "माणूस सापडला. शनिवारी सरावाला येईल का, विचार."

"मी काय विदूषक आहे?" उल्हास फणकारला.

"नाहीस रे! म्हणूनच तर हवायस त्यांना."

आज पहिल्यांदाच कुणी जेवायला गेलं नव्हतं, हे उल्हासच्याही लक्षात आलं असावं.

"येईन," कोट सरळ करत तो म्हणाला. "पण एकही नाव गाळायचं नाही."

काकांनी नाक परत लावलं.

"आणि आज केटरर राहिलाय," उल्हास म्हणाला. "तिथूनच सुरू करू."