मूळ जागी

"अहो वहिनी, दाबा की! किती वेळ बघत बसणार, ते काय गॅसवरचं दूध आहे?"

झटपटराव खुर्चीमागे उभे राहून घाई करत होते आणि वहिनी संगणकाकडे डोळे फाडून पाहत होत्या. पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात सगळेच त्यांना वहिनी म्हणत, कारण त्यांचे यजमान इथे पंप मिस्त्री होते. ते या वर्षाच्या सुरुवातीला अचानक गेले आणि वहिनी तक्रारी टिपायला या खुर्चीवर आल्या. मिस्त्रींचा फोन मात्र त्यांनी बंद केला नव्हता. रोज चार्ज करायचा आणि पर्समध्ये टाकायचा. का, असं लेकीने, म्हणजे ठमीने, एकदा विचारलं होतं. "असू दे," एवढंच उत्तर मिळालं होतं.

आजचा घोळ झटपटरावांचा. हे गृहस्थ मीटर वाचायचे आणि बाकी सगळ्यात नाक खुपसायचे. संगणक फार रेंगाळतो म्हणून त्यांनी काल संध्याकाळी गेल्या वर्षीच्या तक्रारी झटपट उडवून टाकल्या, आणि तपासणीवाले नेमक्या त्याच बघायला आज दुपारी येणार होते! साहेब प्रवासात. "वर्षाअखेरचा बॅकअप आहे, तो रिस्टोअर करा. दोन प्रश्न येतील, नीट वाचून उत्तरं द्या," असं फोनवर सांगून ते जे रेंजबाहेर गेले ते गेलेच.

प्रश्न खरंच दोन होते. डेस्टिनेशन कोणतं, मूळ जागा की नवी जागा? आणि तिथे आधीचा डेटाबेस असेल तर त्यावर लिहायचं का?

वहिनींनी घरी फोन लावला. ठमीला परीक्षेआधीची सुट्टी होती.

"डेस्टिनेशन म्हणजे कुठे जायचंय ते, आई."

"अगं, पण मी कुठेच जात नाहीये!"

"तू नाही गं, डेटा!"

"तो तर इथेच होता की."

"मग मूळ जागी... नाही, थांब. नव्या जागी? आई, डोक्यात आधीच इतिहासाचा काला झालाय, त्यात तू नको! विचार करते आणि सांगते."

पण झटपटरावांना कुठला धीर? "आपलंच आहे, आपल्याच घरात जाणार. त्यात काय विचारायचं!" वहिनींनाही ते पटलं. त्यांच्या घरात पळी खिळ्याला आणि कात्री खणात, वस्तू जिथली तिथे. हरवलेलं सापडलं तर ते मूळ जागी जाणार, आणखी कुठे? दोन्ही प्रश्नांना त्यांनी व्यवस्थित वाचून चुकीची उत्तरं दिली.

हिरवी पट्टी भरत गेली. झटपटराव चहा सांगायला वळले, आणि वहिनींच्या पर्समध्ये काहीतरी वाजलं.

टिट्टिट, टिट्टिट. मिस्त्रींच्या फोनवर कामाचा आदेश आला की वाजायचं ते. हा आवाज आला की मिस्त्री हातातला घास खाली ठेवून उठायचे. वहिनींनी पर्समध्ये डोकावून वाचलं, "टेकडीवरचा पंप बंद. ताबडतोब निघा. स्वीकारलं? होय, नाही."

आत्ता? जेवण तरी होऊ द्या त्यांचं, असं वहिनींच्या मनात येऊन गेलं.

"झटपटराव, ड्यूटीवर कोण दिसतंय हो?"

झटपटराव वाकले आणि तसेच राहिले. पडद्यावर गेल्या वर्षाचा शेवट होता. पंप मिस्त्रीपुढे लिहिलं होतं: ड्यूटीवर. नवा मिस्त्री कुठेच नव्हता, त्याचा नंबरही नव्हता. सकाळपासूनच्या तक्रारी तर धुऊन पुसून साफ!

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. प्रसूतिगृहातली नर्स होती. "सकाळी तक्रार दिलीय, थेंबभर पाणी नाही. दोघी बाळंतिणी आहेत हो इथे! मिस्त्री निघालेत ना?"

"मिस्त्री..." वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. "बघते," म्हणून त्यांनी फोन ठेवला, तर लगेच ठमीचा आला.

"आई, कळलं! मूळ जागी टाकलंस तर जुनं नव्याच्या बोकांडी बसेल. केलं नाहीस ना? आई?"

"केलं."

"अगं आई गं! आजचा बॅकअप आहे?"

"पहाटेचा असतो. आपोआप होतो."

"मग तो मूळ जागी टाक, आणि जुना नव्या जागी, वेगळं नाव देऊन. सकाळच्या तक्रारी मात्र लोकांना परत विचार."

"ठमे, बाबांचा फोन वाजतोय गं. टेकडीवर बोलावतायत त्यांना."

झोपेतही बडबडणाऱ्या ठमीने पलीकडे पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाली, "तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही."

पर्स परत वाजली. आणखी एक आदेश. तिकडे बाळंतिणी कोरड्या नळाकडे बघत होत्या आणि इकडे सगळं गाव मिस्त्रींना बोलावत होतं.

"ठेवते," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा तेच प्रश्न. मूळ जागा. आधीच्यावर लिहायचं का? या वेळी झटपटरावांनी घाई केली नाही. वहिनींनी स्वतःच होय दाबलं.

पट्टी भरली. नवा मिस्त्री ड्यूटीवर आला. वहिनींनी प्रसूतिगृहाची तक्रार पुन्हा भरली, आदेश गेला, आणि "निघालो" असं त्याचं उत्तरही आलं. झटपटराव टेबलावरच्या फोनमधले नंबर बघून सकाळी फोन केलेल्यांना एकेक करून फोन लावत होते. "आजी, तक्रार परत सांगा. हो, शिव्यांसकट सांगा, हक्क आहे तुमचा."

मग वहिनींनी जुना बॅकअप नव्या जागी आणला. नाव दिलं, जुन्या तक्रारी. उघडून पाहिलं तर सगळं जिथल्या तिथे. टेकडीवरचा पंप होता. मिस्त्री ड्यूटीवर होते. वहिनी पर्सकडे बघत राहिल्या. पर्स वाजली नाही. आदेश फक्त मूळ जागेवरून जातात, नव्या जागेतून कुणाचा फोन वाजत नाही.

त्यांनी फोन बाहेर काढला. टेकडीचा आदेश अजून उत्तराची वाट बघत होता. त्या दिवशी हे तेलाने माखून आले होते आणि दारातूनच ओरडले होते, गरम पाणी काढ गं.

वहिनींनी होय दाबलं.

"ही तक्रार सापडली नाही," फोन म्हणाला.

तो त्यांनी पदराने पुसला आणि चार्जरला लावला. टेबलावरचा फोन पुन्हा वाजत होता.

"पाणीपुरवठा," वहिनी म्हणाल्या. "बोला."